पळसाला पानं किती?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही यावल तालुक्यात, माझ्या सासूबाईंच्या माहेरी गेलो होतो. तिथे शेताच्या बांधावर पळसाची दोन झाडं आहेत. पत्रावळीसाठी पानं खुडताना सासूबाई कुठल्याशा नातेवाइकाबद्दल बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "कुठी बी जा, पयसाले पानं तीनच." पाचवीतल्या माझ्या मुलीने हातातला देठ उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "आजी, पण ही तीन पानं आहेत की एकाच पानाचे तीन भाग?"

आजीला उत्तर माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. घरातला एक पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. त्याला विचारलं तर त्याने उत्तर दिलं नाही, एवढंच सांगितलं, "काकू, पान जिथून फुटतं त्या बेचक्यात कळी असते. कळी कुठे आहे ते शोधा." मग मायलेकी बांधावर बसून शोधू लागलो. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे, बरोबर बेचक्यात, तांदळाच्या कणीएवढी कळी होती. वरच्या तीन हिरव्या फाकांच्या बुडाशी मात्र कळी नव्हती. म्हणजे ते सगळं मिळून पान एकच, आणि आपण ज्यांना तीन पानं म्हणतो त्या त्याच्या पर्णिका. बेलाचंही तसंच निघालं. पुण्याला परत आल्यावर मुलीने कुंडीतला कढीपत्ता आणि सोसायटीतला शेवगा, दोन्हींची बेचकी तपासली. शेवग्याने तिला चांगलंच दमवलं, कारण त्याचं एक पान हातभर लांब असतं आणि आपण ज्याला पाला म्हणतो ते त्याचे बारीक तुकडे असतात.

त्या दिवसापासून माझं एक मत बनलं आहे आणि ते मी आग्रहाने मांडते आहे. घरी मुलांना विज्ञानाची गोडी लावायची असेल, तर किट आणि वर्कशीट यांच्याआधी दोन गोष्टी हाताशी घ्याव्यात: घराभोवतीचा निसर्ग आणि आपल्या भाषेतलं साहित्य. साहित्य म्हणताना मी फक्त छापील पुस्तकं धरत नाही. म्हणी, ओव्या, उखाणे, पावसाच्या नक्षत्रांची वचनं, सगळं त्यात आलं. या साहित्याचा वापर बरेच जण कडू गोळीवरच्या साखरेसारखा करतात. आधी झाडाची कविता म्हणायची, मग कविता बाजूला ठेवून प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या पाठ करायची. मला साहित्याचं काम याहून मोठं वाटतं. कुणीतरी पूर्वी काही पाहिलं आणि एका वाक्यात बांधून ठेवलं. ते वाक्य हा एक दावा असतो. मुलाने तो दावा हातात घेऊन झाडाखाली जावं आणि खरा आहे का ते पाहावं. दावा घ्यायचा, तो तपासण्याची रीत शोधायची, निघेल ते मान्य करायचं. प्रयोगशाळेतही याहून वेगळं काही चालत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खानदेशातलंच आहे. बहिणाबाई चौधरींची 'खोप्यामधी खोपा' ही कविता पिढ्यान्‌पिढ्या शाळेत शिकवली गेली. बहिणाबाई लिहायला-वाचायला शिकलेल्या नव्हत्या. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यांची गाणी पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आली. त्या कवितेत सुगरण आपल्या पिलांसाठी झाडाला झोका टांगते. तिचा जोडीदार नर मात्र गण्यागंप्या, म्हणजे कामाला निरुपयोगी. आणि शेवटी माणसाला विचारलं आहे की तिच्याकडे फक्त इवलीशी चोच, तुला तर दोन हात नि दहा बोटं दिली आहेत.

आता हाच पक्षी दुसऱ्या एका माणसाने पाहिला तो असा. सलीम अली १९३० साली जर्मनीहून पक्षिशास्त्र शिकून मुंबईला परतले, तेव्हा संग्रहालयातली त्यांची नोकरी उरली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर आडोसा बांधून ते तासन्‌तास त्यात बसून राहिले आणि कोण येतं, कोण जातं, कोण काय आणतं ते टिपत गेले. १९३१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. घरटं विणतो तो नर. हिरव्या गवताच्या पट्ट्या फाडून आणतो आणि शेकडो फेऱ्या करून विणतो. शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार झाला की मादी येते, आत शिरते, चोचीने ओढून-ताणून पाहते. पसंत पडला तर राहते, नाहीतर निघून जाते. ती राहिली की नर उरलेला खोपा आणि खाली लोंबणारी नळी पुरी करतो आणि लगेच शेजारी दुसऱ्या मादीसाठी दुसरा खोपा विणायला घेतो. अंडी उबवणं एकट्या मादीकडे.

म्हणजे कवितेतला गण्यागंप्या हाच खरा विणकर निघाला!

इथे घरातल्या मोठ्यांपुढे दोन सोपे रस्ते असतात, आणि मला दोन्ही चुकीचे वाटतात. पहिला, "जाऊ दे, ती कविता आहे" म्हणून विषय संपवायचा. दुसरा, कविता खोटी ठरवून मुलाला शहाणं झाल्याचं समाधान द्यायचं. आमच्या घरी यावर दोन-तीन दिवस बोलणं चाललं. बहिणाबाईंनी काय अचूक पाहिलं होतं याची आम्ही यादी केली. खोपा टांगलेला असतो, चोचीशिवाय दुसरं हत्यार नसतं, पिलांचा बहुतेक भार मादीवर असतो. हे सगळं बरोबर आहे. चूक एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे विणणारा कोण या प्रश्नात. आणि ती चूक एकट्या बहिणाबाईंची नाही, आपल्या भाषेची आहे. मराठीत त्या पक्ष्याचं नावच 'सुगरण'. घर सांभाळणाऱ्या, हाताला चव असलेल्या बाईचं नाव आपण पक्ष्याला दिलं आणि मग त्याच्याकडे पाहण्याआधीच ठरवून टाकलं की एवढं निगुतीचं काम बाईच करणार. शब्द आपल्याआधी पाहून मोकळा होतो. ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलीला समजते. तिला ती नीट समजली, कारण नंतर तिने स्वतःहून विचारलं की मुंग्यांना मराठीत आपण नेहमी 'ती मुंगी' म्हणतो, मग कामकरी मुंग्या खरंच माद्याच असतात का? असतात. तिथे भाषा बरोबर निघाली.

आणि कविता? एकटीच्या बळावर मुलं वाढवलेल्या बाईला तो झुलता खोपा पाहून जे वाटलं, ते नर-मादीच्या तपशिलाने पुसलं जात नाही. मुलीला दोन्ही कळायला हवं. आता ती ते गाणं आजीबरोबर पूर्वीपेक्षा मोठ्याने म्हणते आणि 'गण्यागंप्या' आला की दोघी हसतात.

शाळेकडून हे सगळं का होत नाही, हे विचारणं योग्य आहे, पण सगळा दोष शाळेवर टाकणं मला पटत नाही. पन्नास मुलांचा वर्ग पळसाखाली नेणं सोपं नसतं. तिसरी ते पाचवीचा 'परिसर अभ्यास' हा विषय मुळात चांगल्या कल्पनेतून आला आहे. पण व्यवहारात काय होतं? परिसराचा प्रकल्प म्हटला की आपण पालकच स्टेशनरीच्या दुकानात जातो, दहा रुपयांचा छापील तक्ता आणतो, चित्रं कापतो, चार्ट पेपरवर चिकटवतो आणि मुलाकडून खाली नाव लिहून घेतो. दारातल्या झाडाचं पान मात्र कुणी हातात घेत नाही. तिथे आपण थांबू शकतो. त्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.

दुसरी अडचण भाषेची. राज्यातल्या बऱ्याच मराठी शाळा आता सेमी-इंग्रजी आहेत, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. माझी मुलगीही तिथेच शिकते आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुढे तिला इंग्रजी लागणार आहे. पण एक फट पडते, ती रोज दिसते. 'कंपाउंड लीफ'ची, म्हणजे असे तुकडे असलेल्या संयुक्त पानाची, व्याख्या तिला दोन वर्षांत तोंडपाठ होईल, पण तो शब्द तिच्या आजीपर्यंत, पळसापर्यंत, पत्रावळीपर्यंत कधी पोचणार नाही. परीक्षेचं विज्ञान एका भाषेत आणि जगणं दुसऱ्या भाषेत राहिलं, तर मूल शंका विचारायचं थांबतं, कारण शंका सुचते ती घरच्या भाषेत. ही फट भरायची जागा घर आहे, आणि त्यासाठी लागणारे शब्द आपल्याकडे आहेत. बेचकं, मोहोर, कोंब, तुरा, केंबरं.

केंबरं म्हणजे उंबरातले बारीक उडते किडे. मराठीत जुनी म्हण आहे, उंबर फोडून केंबरं उडवू नयेत. म्हणजे झाकलेलं आहे ते झाकलेलंच बरं. शिवाय क्वचित दिसणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. या दोन वाक्प्रचारांत वनस्पतिशास्त्राचा एक अख्खा धडा दडलेला आहे. आम्ही ती म्हण मोडली. कच्चं उंबर आडवं कापलं आणि भिंगातून पाहिलं. आत शेकडो चिमुकली फुलं दाटीने बसलेली होती. उंबराला फूल दिसत नाही, कारण ते आपण फळ समजतो त्याच्या पोटात असतं. टोकाच्या बारीक भोकातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख तुटतात. ती सोबत आणलेले परागकण आतल्या फुलांना लावते, अंडी घालते आणि तिथेच मरते. तिची पुढची पिढी त्या फळात वाढते. बिनपंखांचे नर आतून बोगदा कोरतात आणि नव्या माद्या परागकण घेऊन बाहेर उडतात, दुसऱ्या उंबराकडे. त्यांच्याशिवाय उंबराला बी धरणार नाही आणि उंबराशिवाय त्यांची वीण होणार नाही.

याच ठिकाणी मला एक सावध सूचना करावीशी वाटते. म्हणीत केंबरं आली यावरून एवढंच कळतं की कुणीतरी उंबर फोडून नीट पाहिलं होतं. आपल्या पूर्वजांना परागीभवन माहीत होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. जुन्या वाङ्मयात सगळं विज्ञान आधीच सांगून ठेवलं आहे, असं मुलांना शिकवणारे लोक हल्ली भरपूर भेटतात. त्यांच्यामुळे तपासणंच बंद पडतं, म्हणून मला त्यांची भीती वाटते. सगळं आधीच सांगितलं असेल तर मुलाने उंबर कापायचं कशाला? साप दूध पितो आणि चातक फक्त पावसाचं पाणी पितो, ही वाक्यंही आपल्याच साहित्यातली आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. चातक इतर कोकिळांसारखाच सुरवंट, किडे खाणारा पक्षी आहे. आमच्या वहीत बरोबर निघालेल्या आणि चुकीच्या निघालेल्या वाक्यांना सारखाच मान आहे.

एक मित्र म्हणाले, झाडं-पाखरं ठीक आहेत, पण विज्ञान म्हणजे मोजमाप, गणित, भौतिकशास्त्र. ते कुठून आणणार? आक्षेप योग्य आहे. वीज, रसायनं, पेशी हे घरच्या ओट्यावर नीट शिकवता येत नाही. त्यासाठी शाळा हवी, चांगली प्रयोगशाळा हवी, आणि ती मिळावी म्हणून पालकांनी भांडायलाही हवं. शाळा सोडून घरीच शिकवा, असं मी म्हणत नाही. पण मोजमाप घरात होत नाही हे मान्य नाही. साधी ७ जूनची गोष्ट घ्या. त्या सुमाराला मृग लागतो, वर्तमानपत्रात येतं, घरात कुणीतरी म्हणतंच. त्या रात्री आभाळ मोकळं असेल तर मुलाला गच्चीवर नेऊन मृग शोधायला सांगा. सापडणार नाही. मग डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी पूर्वेला दाखवा. पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे एका रेषेत आणि मागे लखलखणारा व्याध. हाच मृग जूनमध्ये कुठे गेला होता? सूर्य त्याच्या बाजूला आलेला असतो, म्हणून तो दिवसा आभाळात असतो आणि दिसत नाही. 'मृग लागला' हे वाक्य, जे दिसत नाही त्याबद्दलचं आहे. सूर्याआड कोणते तारे आहेत हे माणसाने पहाटेचे आणि तिन्हीसांजेचे तारे पाहून, हिशेबाने ओळखलं. मला यापेक्षा सुंदर भौतिकशास्त्राचा पहिला धडा माहीत नाही, आणि त्याला बाल्कनीपलीकडे काही लागत नाही.

मोजमापच हवं तर मे महिन्यात एक उभी काठी पुरते. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो शून्य सावलीचा दिवस. कोल्हापूरला तो मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यात १३ मेच्या आसपास, नागपूरला शेवटच्या आठवड्यात. आमच्या घरातली माणसं या तिन्ही गावांत आहेत. मामा, आत्या आणि आम्ही फोनवर एकमेकांना काठीच्या सावलीची लांबी सांगतो. पृथ्वी गोल आहे हे मुलीने पुस्तकात वाचलं होतं. मामाची सावली नाहीशी झाली तेव्हा आमची अजून शिल्लक होती, यावरून ते तिला पटलं.

वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. घरचं शिकवणं म्हटलं की ते काम बहुतेक घरांत आईच्या अंगावर पडतं. नोकरी करून आलेल्या, दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला "आता निसर्गनिरीक्षणही करा" म्हणणं क्रूरपणाचं आहे. म्हणून दोन गोष्टी सांगते. हे रोजचं काम होऊ देऊ नका, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं पुरतात. आणि घरातल्या पुरुषांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी ते उचलावं. ज्या आजोबांना नातवाच्या अभ्यासातलं आता काही कळत नाही असं वाटतं, त्यांना नक्षत्रं कळतात, पेरणी कळते, कोणत्या झाडाचं लाकूड चुलीत धूर करतं ते कळतं.

हा फक्त सुखवस्तू घरांचा छंद आहे, असं कुणी म्हटलं की मला डहाणूजवळचं कोसबाड आठवतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला वारली मुलांसाठी काम करत होत्या. मुलं गुरं चारायला जात, शाळेत येऊ शकत नसत, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. गुरांमागे फिरणाऱ्या त्या मुलांना गवतं, कंदमुळं, पाखरं शहरातल्या कुठल्याही मुलापेक्षा जास्त माहीत होती. आजही डोंगरातली, शेतातली मुलं विज्ञानात कच्ची ठरतात, कारण त्यांना माहीत असलेलं विज्ञान प्रश्नपत्रिकेत येत नाही. अन्याय हा आहे. त्यांच्या घरी निसर्ग शिकवायची गरज नाही. त्यांना जे येतं त्याला शाळेने विज्ञान म्हणण्याची गरज आहे.

आमच्या घरी करायची पद्धत साधी आहे. एक शंभर पानी वही. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. नियम एकच, जे स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही, कुणाकडून ऐकलं असेल तर "आजी म्हणते" असं लिहायचं. पावशाचं 'पेरते व्हा' पहिल्यांदा कधी ऐकू आलं त्याची तीन वर्षांची नोंद त्यात आहे. यंदा तो चैत्रातच ओरडायला लागला. त्याचं ऐकून कुणी पेरलं असतं तर बियाणं वाया गेलं असतं. हेही वहीत आहे. दुर्गाबाई भागवतांचं १९५६ सालचं 'ऋतुचक्र' आम्ही महिन्यागणिक वाचतो, पण महिना संपल्यावर. आधी वाचलं तर त्यांच्या डोळ्यांनी दिसायला लागतं. चैत्र संपला की आधी आमची पानं उघडायची, मग त्यांचा चैत्र वाचायचा. त्यांना दिसलं आणि आपल्याला दिसलं नाही असं काय होतं, ते पुढच्या चैत्रासाठी लिहून ठेवायचं. माझ्या मुलीचे या यादीत आत्ता अकरा मुद्दे आहेत.

यावलला त्या दिवाळीत विहिरीकाठच्या बाभळीखाली वाऱ्याने पडलेले दोन रिकामे खोपे सापडले होते, ते आम्ही घरी आणले. मुलीने भुवया कोरायच्या चिमट्याने गवत विणायचा प्रयत्न केला. एका संध्याकाळी तिची चार बोटं वीण झाली आणि तीही सुटली. पुढच्या श्रावणात आम्ही लांब बसून दुर्बिणीतून पाहिलं. पिवळ्या टोपीचे नर गवत घेऊन येत होते. एका अर्ध्या खोप्यात मादी शिरली, बाहेर आली आणि उडून गेली. नंतर दोन दिवस तो खोपा तसाच राहिला. मुलीने त्याचं चित्र काढून खाली फक्त "नापसंत" असं लिहिलं.

सासूबाईंनी लहानपणी ऐकलं होतं की सुगरण रात्रीच्या उजेडासाठी खोप्यात चिखलाने काजवे चिकटवते. आमच्या दोन्ही खोप्यांत आतल्या बाजूला चिखलाचे वाळलेले गोळे होते. काजवे नव्हते, काजव्याचा पंखसुद्धा नव्हता. मग हा चिखल कशाला? मुलीचं म्हणणं, वाऱ्याने खोपा जास्त हलू नये म्हणून वजन लावलं असेल. आजीला ते पटलं नाही. सध्या दोन्ही खोपे हॉलमध्ये पडद्याच्या दांडीला टांगले आहेत. एकातला चिखल पाणी लावून सुटा केला आहे आणि किचनच्या काट्यावर तोलून त्याचं वजन वहीत लिहिलं आहे. टेबलफॅन दोन हातांवर ठेवला आहे. मुलगी घड्याळ धरते, आजी हेलकावे मोजते, आणि काल रात्री जेवण निवून गेलं तरी त्यांची तिसरी फेरी चालूच होती.